जिंकणं ठरलेलं असतं, पडणं खरं असतं : मोठेपणीही रेसलिंग बघणाऱ्या माणसाचा कबुलीजबाब

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये हेडफोनची एकच बाजू चालत होती, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना घेतलेले दोन-चार आचके-विचके काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

सुरुवात माझ्या भाच्यापासून करतो. वय वर्षं आठ. दिवाळीत ताई माहेरी आली होती. मी हॉलमध्ये मोबाईलवर रेसलिंग बघत बसलेलो. हा मागून येऊन दहा मिनिटं गुपचूप बघत होता, ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा साहेब सोफ्याच्या हातावर उभे होते, दोन्ही हात पसरून, आणि खाली गादीवर त्याची पाच वर्षांची बहीण आडवी. मी धावत जाऊन त्याला हवेतच धरला. तर तो काय विचारतो? "मामा, ते खरं मारतात का?"

आता बघा, मी अठ्ठावीस वर्षांचा माणूस. बीटेक झालोय, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. दर मंगळवारी सकाळी, म्हणजे अमेरिकेत सोमवार रात्र असते तेव्हा, ऑफिसच्या पहिल्या मीटिंगआधी उठून 'रॉ' लावतो. आणि या साध्या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येईना. 'नाही' म्हणालो तर तो परत उडी मारणार. 'हो' म्हणालो तर खोटं बोलल्यासारखं. आजचा भाग म्हणजे मी त्याला द्यायला हवं होतं ते लांबलचक उत्तर.

आधी काय ठरलेलं असतं ते

व्यावसायिक रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. हे काही गुपित नाही. 1989 साली डब्ल्यूडब्ल्यूएफनं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनंच, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात सांगून टाकलं की आमचा हा खेळ नसून मनोरंजन आहे. का सांगितलं? तर खेळ म्हटला की सरकारी क्रीडा मंडळाची देखरेख आली, कर आला. ते टाळायला कंपनीनं स्वतःच पडदा वर केला. त्यामुळे ऑफिसात कुणी "अरे, ते सगळं खोटं असतं ना?" असं विचारलं की मला हसू येतं. मित्रा, तुझ्या-माझ्या जन्माच्या आधी त्यांनी स्वतः सांगितलंय.

त्याआधी मात्र हे गुपित जिवापाड जपलं जायचं. त्याला त्यांच्या धंद्यात एक शब्द आहे, 'केफेब'. रिंगमधली दुश्मनी बाहेरही खरी असल्यासारखं वागायचं. नायक आणि खलनायक एका गाडीत दिसता कामा नयेत, एका हॉटेलात जेवता कामा नयेत. नायकाला 'फेस' म्हणतात, खलनायकाला 'हील'. मार लागल्याचं पटवून देण्याला 'सेलिंग' म्हणतात, आणि अंग टाकून पडण्याला 'बंप'. हे चार-पाच शब्द माहीत झाले की निम्मं रेसलिंग कळलं.

पण 'ठरलेलं असतं' म्हणजे पानंच्या पानं लिहिलेली असतात असं नाही. शेवट ठरतो, मधले दोन-चार मोठे प्रसंग ठरतात. उरलेलं बरंचसं दोघं रिंगमध्येच जुळवत जातात. मान पकडून ठेवलेली असते ना, तेव्हा एकमेकांच्या कानात पुढचा डाव सांगणं चाललेलं असतं. वेळ किती उरला हे रेफरीच्या कानातल्या यंत्रातून कळतं आणि तो हळूच दोघांना सांगतो.

कोकणातल्या मंडळींना हे लगेच कळेल. दशावतारी नाटकाला पूर्वापार लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, राक्षस मरणार हेही ठरलेलं, पण संवाद आणि युद्धाचा रंग उभ्या उभ्या भरायचा. म्हणून काय कुणी रात्रभर जागून शेवटी "शी, राक्षस मरणार हे ठरलेलंच होतं" म्हणत घरी जातं का? लोक कसा मरतो ते बघायला बसतात.

आज्जा आणि नुरा कुस्ती

माझं गाव सांगली जिल्ह्यात. आमचे आज्जा तरुणपणी लाल मातीतले पैलवान. जत्रेच्या मैदानात हलगी वाजायला लागली की म्हातारपणीही त्यांचे खांदे हलायचे. त्यांना हे टीव्हीवरचं प्रकरण अजिबात पसंत नव्हतं. दोन पैलवानांनी आधी संगनमत करून खेळायच्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि पैलवानाला यापेक्षा मोठी शिवी नाही. मी ट्रम्प कार्डं मांडून बसलो की ते म्हणायचे, "आरं, ही नुरा कुस्ती हाय. तेला काय बघायचं?"

2007 च्या जुलैमध्ये आपला खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा मी गल्लीभर नाचलो होतो. आज्जांनी विचारलं, "पट काढता येतो का त्याला?" मी गप्प.

मग 2009 ची रेसलमेनिया. ह्यूस्टनमध्ये अंडरटेकर विरुद्ध शॉन मायकल्स. इथे आमच्या घरी आज्जा आरामखुर्चीत, डोळे अर्धे मिटलेले. अंडरटेकर धावत आला आणि वरच्या दोरावरून बाहेर उडी मारली. खाली एक कॅमेरामन उभा होता, शॉननं त्याला पुढे ओढलं. खरं तर तो कॅमेरामन नव्हताच, त्यांच्यातलाच एक रेसलर होता, आणि अंडरटेकरला झेलायचं काम त्याचं होतं. त्याला ते नीट जमलं नाही. जवळजवळ सात फुटांचा माणूस मानेवर आदळला.

आज्जा खुर्चीत ताठ झाले. "हे खरं पडलं," म्हणाले. "हे ठरवून न्हाई."

तो सामना पुढे चालूच राहिला, एकूण अर्ध्या तासाच्या आसपास. शेवटी शॉननं उलटी उडी घेतली, अंडरटेकरनं त्याला हवेतच धरला आणि डोक्यावर आपटून सामना संपवला. आज्जा शेवटपर्यंत उठले नाहीत. नंतर म्हणाले, "कुस्ती न्हाई ही. पण पडायला शिकल्यात पोरं. आमाला वस्तादानं पयलं तेच शिकवलं हुतं." त्यांच्याकडून त्या कार्यक्रमाला मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र. आज्जा आता नाहीत, पण रेसलिंग समजून घ्यायची किल्ली मला त्यांनीच दिली.

मग खरं काय असतं?

पडणं. रिंग म्हणजे काही गादी नव्हे. खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पाठ सपाट टाकायची, हनुवटी छातीला चिकटवायची आणि दोन्ही हात एकदम आपटायचे, म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. तत्त्व साधंच आहे, पण हे वर्षानुवर्षं, आठवड्यातून कित्येकदा करायचं. मणका काही पटकथा वाचत नाही.

1998 च्या 28 जूनला पिट्सबर्गमध्ये काय झालं ते यूट्यूबवर तुम्ही पाहिलं असेल. अंडरटेकरनं मिक फोलीला सोळा फुटी पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर फेकलं. ते ठरलेलं होतं. फोली स्ट्रेचरवरून उठून परत वर चढला आणि दुसऱ्यांदा छताची जाळीच तुटली. तो थेट रिंगमध्ये कोसळला. ते ठरलेलं नव्हतं. ठरलेलं आणि न ठरलेलं यांच्यामध्ये एका जाळीच्या तुकड्याचं अंतर.

अशा वेळी रेफरी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. ही खूण म्हणजे 'दुखापत खरी आहे, मदत पाठवा'. ज्यांना हे माहीत नसतं ते ओरडत राहतात. माहीत असणारे एकदम गप्प होतात.

आणि कधी कधी शरीर नाही, विश्वास तुटतो. 9 नोव्हेंबर 1997, मॉन्ट्रियल. ब्रेट हार्ट चॅम्पियन, पण कंपनी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे चाललेला. सामन्याचा एक शेवट त्याला सांगून ठेवलेला. प्रत्यक्षात शॉन मायकल्सनं त्याला पकडीत घेतलं आणि ब्रेटनं हार मानलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमोहननं घंटा वाजवायला लावली. ब्रेट रिंगमधून मालकाच्या तोंडावर थुंकला. त्या थुंकीत अभिनय नव्हता. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत सांगायचं तर, ज्याच्यावर काम चालू आहे त्यालाच न सांगता थेट प्रॉडक्शनवर बदल टाकला.

आता जे बोलायला जड जातं ते

लहानपणी आवडणं सोपं असतं. मोठेपणी आवडायचं तर हिशोब द्यावा लागतो.

ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट. मे 1999 मध्ये कॅन्सस सिटीत त्याला छतावरून दोरीनं खाली उतरवायचं होतं. खटका सुटला, तो खाली पडला आणि गेला. कार्यक्रम मात्र चालूच ठेवला गेला.

क्रिस बेन्वा माझा आवडता. जून 2007 मध्ये त्यानं बायकोचा आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला आणि स्वतःही संपला. तपशील कळण्याआधी कंपनीनं त्याच्यावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम दाखवला, कळल्यावर त्याचं नावच पुसून टाकलं. मी तेव्हा दहा वर्षांचा. मला एवढंच समजलं की तो आता दिसत नाही. खरं काय घडलं ते कॉलेजमध्ये वाचलं आणि काही महिने रेसलिंग बघू शकलो नाही. नंतर त्याचा मेंदू तपासला तेव्हा वारंवार बसलेल्या मारानं त्याची भयंकर हानी झालेली आढळली. त्यानं गुन्हा धुतला जात नाही. पण त्याच्या डोक्यात खुर्च्या बसत होत्या तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, हे मला विसरता येत नाही. डोक्यावर खुर्ची मारण्यावर कंपनीनं 2010 मध्ये बंदी घातली.

आणखी एक गोष्ट. हे रेसलर कंपनीचे कर्मचारी धरले जात नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार धरले जातात. त्यांची कामगार संघटना नाही. आपल्याला आयटीत दोन तास जास्त थांबावं लागलं तर आपण ग्रुपवर किती बोलतो!

मग मी का बघतो? खरं सांगू, याचं पूर्ण समाधान देणारं उत्तर माझ्याकडे नाही. पण बघायची पद्धत बदलली. आता मी धोकादायक उडीला टाळी देत नाही, सावरून धरणाऱ्याला देतो. ज्याला फेकलं जातंय त्याच्या मानेखाली फेकणाऱ्याचा हात कुठे आहे, ते बघतो. दुश्मन म्हणून उभा असलेला माणूस समोरच्याचा जीव सांभाळत असतो. हे एकदा दिसायला लागलं की न दिसल्यासारखं करता येत नाही.

आणि हरणं बघतो. या धंद्यात जुनी रीत आहे, की निरोप घेणाऱ्यानं जाता जाता हरून जायचं, म्हणजे आपलं नाव पुढच्याच्या कामी येतं. 13 डिसेंबर 2025 ला जॉन सीनाचा शेवटचा सामना झाला, वॉशिंग्टन डीसीत. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. वर्षानुवर्षं 'हार मानू नका' हेच ज्याच्या टी-शर्टवर लिहिलेलं, तो माणूस गुंथरच्या पकडीत किंचित हसला आणि हातानं थोपटून हार मानली. प्रेक्षक चिडले, ओरडले. मी चहाचा कप हातात घेऊन तसाच बसलो. शेवट आधीच ठरलेला आहे हे मला माहीत होतं. तरी डोळ्यांत पाणी यायचं ते आलंच.

भाच्याला काय सांगितलं

त्याला मी एवढंच सांगितलं, "कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. पडणं खरं असतं. आणि पडायला शिकायलाच कित्येक वर्षं लागतात."

"मग तू शिकलास का?"

"नाही. म्हणून तर तुझ्या छोट्या मामाचं कॉलरबोन मोडलं."

हे मात्र घरात आजवर फक्त तिघांना माहीत होतं. मी अकरा वर्षांचा असताना धाकट्या भावाला पलंगावरून चोकस्लॅम दिला होता. आईला आम्ही "सायकलवरून पडला" असं सांगितलं. सतरा वर्षं केफेब पाळलं. भाच्यानं ते पाच मिनिटांत स्वयंपाकघरात जाऊन फोडलं. मग आईनं मला फराळाच्या ताटावरून जे सुनावलं, त्यात सेलिंग अजिबात नव्हतं.

तर मंडळी, घरात लहान मूल असेल आणि ते रेसलिंग बघत असेल तर टीव्ही बंद करू नका, शेजारी बसा. रेफरीची फुली दाखवा, मानेखालचा हात दाखवा. आणि सोफ्याजवळची गादी तेवढी उचलून ठेवा.

तुमचा आवडता रेसलर कोण आणि ऑफिसात कुणापासून लपवलाय, ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर सांभाळून पडा!