‘वॉचर’ म्हणजे पहारेकरी नव्हे!

घरातली मुले हॅरी पॉटर वाचत असतील, तर टॉन्क्स त्यांच्या ओळखीची असेल. २००३ साली आलेल्या पाचव्या पुस्तकात ही जादूगारीण हॅरीला भेटताच ‘वॉचर’ म्हणते. मुलांना वाटते, पहारेकरी! मोठ्यांपैकी कुणी सांगतो, ‘व्हॉट आर यू’ घाईत म्हटले की असे होते. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

हा लंडनच्या कॉकनी बोलीतला जुना उद्गार. त्याचे मूळ रूप ‘व्हॉट चिअर’. १५व्या शतकापासून इंग्रजी लेखनात तो भेटीचा शब्द म्हणून आढळतो. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकाच्या आरंभी, वादळात सापडलेल्या जहाजावरही तो ऐकू येतो. लंडनकरांच्या बोलण्यात शेवटचा ‘र’ विरला, दोन शब्द जुळून एक झाले आणि १९व्या शतकात ‘वॉचर’ असे लिहिले जाऊ लागले.

पण ‘चिअर’ म्हणजे तर आनंद ना? आज हो. मूळ जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र चेहरा. चेहऱ्यावरून चेहऱ्यावरचा भाव, त्यावरून मनःस्थिती आणि मग चांगली मनःस्थिती, म्हणजे आनंद, असा अर्थ सरकत गेला. म्हणजे ‘व्हॉट चिअर’ हे आपल्या ‘काय, कसं काय?’चेच भावंड.

इथे आपल्याला मोह होतो, की ‘चिअर’ आणि ‘चेहरा’ एकच असणार! तसे नाही. ‘चेहरा’ फारसीतून आला. त्याचे दूरचे नाते ‘चित्र’शी आहे. ‘चिअर’ लॅटिनमार्गे डोके या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जातो, असे अभ्यासक मानतात. आणि तो ग्रीक शब्द आपल्या ‘शिर’चा नातलग. नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर विसंबले तर असे फसायला होते. शब्दाची जुनी रूपे एकामागून एक तपासावी लागतात.

लंडनमध्ये झिजलेला हा शब्द अमेरिकेत मात्र अखंड राहिला. १६३६ मध्ये रॉजर विल्यम्स होडीतून आले, तेव्हा काठावरच्या नॅरॅगॅन्सेट लोकांनी ‘व्हॉट चिअर, नेटॉप’ (नेटॉप म्हणजे मित्र) असे त्यांचे स्वागत केले, अशी परंपरागत कथा आहे. विल्यम्स यांनी वसवलेल्या प्रॉव्हिडन्स शहराच्या मुद्रेवर ‘व्हॉट चिअर’ हे शब्द आजही आहेत.

मूळ गावापासून दूर वसलेल्यांनी जुना शब्द जपावा, याचे आपल्याला तरी नवल वाटायला नको.