काठी, ब्रेल आणि कमाई : अंधांच्या स्वावलंबनाचे शिक्षण

अंध व्यक्तीचे स्वावलंबन एकट्याने फिरणे, स्वतः वाचणे-लिहिणे, घरातील कामे करणे आणि कमावणे या चार कौशल्यांवर उभे असते. ही कौशल्ये पद्धतशीर शिकवता येतात, हे महाराष्ट्रातील संस्थांनी शतकाहून अधिक काळ सिद्ध केले आहे. मात्र या संस्था प्रामुख्याने मुंबई-पुण्यात वाढल्या, त्यामुळे कोकणातील पेण-रोह्यासारख्या तालुक्यांतील अंधांना शिकण्यासाठी बहुधा घर सोडावे लागते आणि शिकलेले पुन्हा गावच्या वाटांवर बसवावे लागते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची सुरुवात १९०० साली मुंबईत झाली, जेव्हा अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची आजची कमला मेहता अंध शाळा ती हीच. १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजेच ‘नॅब’, ही राष्ट्रीय संस्था मुंबईत स्थापन झाली आणि क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांनी तिच्या कार्याला आयुष्यातील बरीच वर्षे दिली. ग्रामीण अंधांना शहरी धंदे शिकवून भागणार नाही, हे ओळखून नॅबने १९६० साली गुजरातमधील फणसा येथे शेती आणि ग्रामोद्योग शिकवणारे केंद्र सुरू केले. भातशेतीवर जगणाऱ्या पेण-रोह्याच्या गावांना हाच विचार सर्वांत जवळचा आहे.

प्रशिक्षणाचा पाया ‘दिशाबोध आणि चलनवलन’ हा असतो. आपण कोठे उभे आहोत हे आवाज, वास, उतार आणि पायाखालच्या जमिनीवरून ओळखणे म्हणजे दिशाबोध, आणि पांढऱ्या काठीच्या साहाय्याने इच्छित स्थळी सुरक्षित पोहोचणे म्हणजे चलनवलन. लांब काठी शरीरापुढे डावीकडून उजवीकडे फिरवत, ज्या बाजूला पाऊल पडणार तेथील जमीन आधीच तपासण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी विकसित केली आणि पुढे ती जगभर रुजली. मात्र शहराच्या पदपथावर आत्मसात केलेली ही पद्धत शेताच्या बांधावर जशीच्या तशी चालत नाही, आणि कोकणातील मुसळधार पावसात तर वाहनांचे आवाजच बुजून जातात. म्हणून पेणचा बाजार, रोहा स्थानकाचा फलाट किंवा महामार्ग ओलांडण्याची जागा यांचा सराव प्रशिक्षकाने त्या त्या ठिकाणीच करून घ्यावा लागतो.

वाचन-लेखनासाठी सहा उठावदार ठिपक्यांच्या मांडणीवर आधारलेली ब्रेल लिपी हे मूळ साधन आहे. सहा ठिपक्यांपासून ६३ खुणा तयार होतात आणि भारती ब्रेल या समान पद्धतीमुळे मराठीसह भारतीय भाषा तिच्यात लिहिता येतात. तिच्या जोडीला आता पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी संगणक-प्रणाली, म्हणजे स्क्रीन रीडर, आली आहे. २००६ साली सुरू झालेली ‘एनव्हीडीए’ ही अशी प्रणाली विनामूल्य असल्याने खेड्यातील विद्यार्थ्यालाही वापरता येते. तरीही शुद्धलेखन आणि गणिताची मांडणी बोटांनी वाचल्यानेच पक्की होते, म्हणून संगणक आला की ब्रेल सोडावी, ही समजूत घातक आहे.

स्वयंपाक करणे, कपड्यांच्या घड्या खुणेने ओळखणे, नोटांची पारख करणे ही दैनंदिन कामेही अभ्यासक्रमाचा भाग असतात. घरातील माणसे प्रेमापोटी ही कामे हातातून काढून घेतात, तेव्हा शिकलेले कौशल्य विसरले जाते. म्हणून प्रशिक्षणात कुटुंबालाही सामील करून घेणे आवश्यक ठरते.

या शिक्षणाचे फळ प्रत्यक्ष दिसते. मेणबत्त्या बनवण्याचे शिक्षण नॅबमध्ये घेतलेल्या भावेश भाटिया यांनी महाबळेश्वरला ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभारून अनेक अंधांना काम दिले. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी बालपणीच दृष्टी गमावली. कमला मेहता शाळेत शिकून आणि स्क्रीन रीडरच्या साहाय्याने अभ्यास करून त्यांनी २०१७ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवला व त्या भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी त्याच वर्षी मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असून त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. हा हक्क उपभोगण्यासाठी आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याहून आधी प्रशिक्षण हवे. पेण-रोहा परिसरातील शाळांनी फिरत्या विशेष शिक्षकांची मागणी लावून धरावी, धाटावसारख्या औद्योगिक वसाहतींतील उद्योगांनी प्रशिक्षित अंधांना संधी द्यावी, आणि ज्यांच्या घरी अंध मूल आहे त्यांनी त्याला घरात बसवून न ठेवता लवकरात लवकर शिक्षणाच्या वाटेवर आणावे.