रंग उतरल्यानंतरचा सिनेमा

मंडईत वाढलेल्या माणसाला सिनेमाचा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही. गंगाधर नथूजी तथा बापूसाहेब पाठकांचं 'आर्यन' इथलंच. 1915 साली उभं राहिलेलं, पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' 1920 मध्ये याच पडद्यावर लागली, आणि टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. टिळकांचा पुतळा 1924 पासून मंडईत आहे. 'आर्यन' मात्र राहिलं नाही. तिथे आता गाड्या लावतात. 'मिनर्व्हा'ही गेलं. या दोन पडद्यांनी माझ्या पिढीला घडवलं, म्हणून उतारवयातल्या कलावंतांवरच्या चित्रपटांचा आढावा घ्या असं संपादकांनी सुचवल्यावर मी लगेच होकार दिला. गेली कित्येक वर्षं जिथे संधी मिळेल तिथे मी याच विषयावर बोलतो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. म्हातारा कलावंत आपल्या पडद्याला फार प्रिय आहे, पण तो बहुतेक वेळा पोरांनी घराबाहेर काढलेला बाप म्हणून. त्याची कला त्याच्या दुःखाला शोभा आणण्यापुरती. जन्मभर ज्या कामात बुडून गेला, त्या कामाकडे तो सत्तरीत, ऐंशीत कसा पाहतो, त्यातलं हातात काय उरलं आणि काय सुटलं, हे दाखवणारे चित्रपट फार थोडे. त्या थोड्यांसाठीच हा लेख आहे.

'नटसम्राट'पासून सुरुवात करणं भाग आहे. कुसुमाग्रजांचं नाटक डिसेंबर 1970 मध्ये रंगमंचावर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर असा उभा केला, की पुढच्या प्रत्येक नटाला त्या सावलीतून जावं लागलं. महेश मांजरेकरांचा चित्रपट 1 जानेवारी 2016 ला आला. नाना पाटेकरांची ताकद मला मान्य आहे, गर्दी झाली तेही योग्यच झालं. पण बेलवलकर चाळीस वर्षं रंगभूमीवर नेमकं काय करत होते, आवाज कसा लावत होते, तालमीत कशावर अडत होते, हे त्या चित्रपटाला फारसं जाणून घ्यायचं नाही. तो खरा जिवंत होतो एकाच ठिकाणी. रुग्णालयातल्या खाटेवर नटमित्र रामभाऊ आहेत, समोर गणपतराव, आणि दोघं म्हातारे कृष्ण-कर्णाचा प्रवेश करू लागतात. तेवढा वेळ मुलं, सुना, इस्टेट सगळं मागे पडतं. दोन नट एकमेकांच्या वाक्याची वाट पाहतात, पट्टी देतात आणि घेतात. रामभाऊंच्या भूमिकेत विक्रम गोखले होते. त्या घराण्याकडे मला पुढे यायचंच आहे.

कलावंतांच्या चरित्रपटांवर मी फार वेळ घालवणार नाही. 'बालगंधर्व' (2011), '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' (2018), 'मी वसंतराव' (2022). गाणी चांगली, वेशभूषा देखणी, अभिनेते मेहनती. म्हातारपण मात्र शेवटच्या वीस मिनिटांत उरकलेलं. बालगंधर्व 1967 पर्यंत हयात होते, याच शहरात गेले. त्यांच्या उत्तरायुष्यावर एक वेगळा चित्रपट व्हायला हवा होता. 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त (1935) त्यांनी एकनाथांची पुरुषभूमिका केली, तेव्हा ते सत्तेचाळीसच्या आसपास होते. ज्या देहाने आयुष्यभर शालू मिरवला त्याने धोतर नेसून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं, यात किती मोठी गोष्ट दडलेली आहे!

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळतो. रीना मोहन या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दिग्दर्शिकेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'कमलाबाई' हा पाऊण तासाचा माहितीपट केला. पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना मी भेटेन तिथे सांगत आलो आहे, आजही सांगतो: आपल्या भाषिक प्रदेशात वृद्ध कलावंतावर यापेक्षा सच्चं काम झालेलं नाही.

कमलाबाई गोखले 1900 सालच्या. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामती करायला बाई मिळाली नाही, अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. त्याच 1913 साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी कमला मोहिनी झाली. भारतीय पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया या मायलेकी. पुढे कमलाबाई रघुनाथराव गोखल्यांच्या 'चित्ताकर्षक' मंडळीत गेल्या, त्यांच्याशीच लग्न झालं, ऐन पंचविशीत वैधव्य आलं. तीन मुलं पदरात. रंगभूमी सोडून बसण्याची चैन त्यांना नव्हती. थोरला चंद्रकांत नट झाला, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात गेले. विक्रम गोखले चंद्रकांतांचे चिरंजीव. म्हणजे रामभाऊंच्या त्या खाटेवर गोखले-कामत घराण्याची चौथी पिढी निजली होती.

रीना मोहन कॅमेरा घेऊन गेल्या तेव्हा कमलाबाई नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या बोलतात, फटकळ बोलतात, मध्येच एखाद्या जुन्या नाटकातला उतारा म्हणू लागतात. उतारा सुरू झाला की म्हातारी बाई बाजूला सरते आणि कंपनीतली नटी पुढे येते. त्यातल्या एकेका शब्दावरचा ठसा ऐकावा. ज्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी शेवटच्या बाकापर्यंत पोचण्यासाठी घडवलेला तो आवाज आहे, आणि नव्वदीतही त्याला कुठे टेकू द्यायचा हे त्या आवाजाला माहीत आहे. दिग्दर्शिका त्यांना रडवत नाही. पहिली अभिनेत्री म्हणून हार घालून मखरातही बसवत नाही. बोलू देते. त्या कंटाळल्या तर कंटाळलेल्या दिसतात, चिडल्या तर चिडलेल्या. 'मोहिनी भस्मासुर'ची पूर्ण प्रत आज कुठेही नाही. तेरा वर्षांच्या कमलेचं नृत्य आपण पाहू शकत नाही, पण त्या मुलीला आतून ओळखणारी एकमेव व्यक्ती इथे कॅमेऱ्यासमोर बसली आहे. नव्वदच्या दशकातच कमलाबाई गेल्या. रीना मोहन वेळेवर पोचल्या नसत्या तर काय, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आमच्यातले काही समीक्षक म्हणतात की माहितीपट हा चित्रपट नव्हे, ती नोंद. परिसंवादांमधून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तर लिहूनच देतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, बाईला किती वेळ गप्प राहू द्यायचं, उतारा कुठे तोडायचा, हे सगळे निर्णय दिग्दर्शकाचे असतात. पाऊण तासात एक आयुष्य तोलून धरण्यापेक्षा अवघड काम कथापटातही सहसा नसतं. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा किशोरीताई आमोणकरांवरचा 'भिन्न षड्ज' (2011) याच पंक्तीतला. ताई स्वराविषयी बोलू लागल्या की त्यांच्या चेहऱ्यावर जी तगमग दिसते ती कुठल्या पटकथेत लिहून येत नाही. शिवेंद्रसिंह डुंगरपुरांचा 'सेल्युलॉइड मॅन' (2012) मी यातच धरतो. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं, आणि पी. के. नायरांनी ते रीळ रीळ जमवून उभं केलं. नायर कलावंत नव्हते असं कुणी म्हणतं. फाळक्यांचं जे थोडंफार आज पाहायला मिळतं ते त्यांच्या चिकाटीमुळे. डब्यावरचं नाव वाचताच आत कुठला प्रसंग आहे हे सांगणारा तो म्हातारा पडद्यावर पाहा आणि मग ठरवा.

कथापटांत माझी पसंती चैतन्य ताम्हाणेंच्या 'द डिसायपल'ला (2020). व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटते ती गुरुजींची भूमिका. ती नटाला न देता ताम्हाणेंनी अरुण द्रविडांना दिली. मोगूबाई आणि किशोरीताई यांच्याकडे शिकलेला हा गायक. त्यामुळे गुरुजी गातात तेव्हा थकलेला श्वास आणि न थकलेली समज दोन्ही एकाच तानेत ऐकू येतात. शिष्य शरद त्यांचं अंग चोळतो, औषधपाणी पाहतो, आणि त्या सेवेत भक्तीबरोबर साठत गेलेली निराशाही दिसते. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकलवर शरद गुरुजींच्या गुरू माईंच्या ज्या ध्वनिफिती ऐकतो, त्यांतला आवाज आपल्या दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. कलेसाठी आयुष्य कसं द्यावं लागतं हे सांगणारा, कठोर, अजिबात न पाझरणारा. सुमित्राताई 19 एप्रिल 2021 ला गेल्या, आणि अकरा दिवसांनी हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. पुण्यात तो मोठ्या पडद्यावर पाहायला हवा होता. साथीमुळे आपण तो घराघरांत, छोट्या पडद्यांवर पाहिला.

बाहेरच्या जगाबद्दल थोडं. इटालियन दिग्दर्शक पाओलो सोरेंतिनोच्या 'यूथ'चं (2015) इथल्या महोत्सवी मंडळींना फार कौतुक. आल्प्समधल्या हॉटेलात निवृत्त संगीतकार मायकेल केन आणि शेवटचा चित्रपट लिहू पाहणारा दिग्दर्शक हार्वी कायटेल. चित्रपट मलाही आवडतो, विशेषतः कुरणात एकट्याने बसून गाईंच्या घंटांचं वाद्यवृंद-संचालन करणारा केन. संगीत सोडलं म्हणणाऱ्याचे हात संगीत सोडत नाहीत. पण 'आपल्याकडे असं काही नाही' हा सूर मला मान्य नाही. चॅप्लिनचा 'लाइमलाइट' (1952) पाहा. शेवटी चॅप्लिन आणि बस्टर कीटन हे दोन म्हातारे विदूषक एकत्र उभे राहतात, पियानोवरचे कागद घसरत राहतात आणि कीटन ते सावरत राहतो. कृष्ण-कर्णाचा आपला प्रवेश त्याच जातीचा आहे.

आता तक्रार. 2003 च्या आगीत चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरची रिळं जळाली. 'कमलाबाई' आज कुणाला पाहायचा असेल तर ओळखीपाळखी काढाव्या लागतात. मंडईच्या आसपासच्या पेठांत जुने तबलजी, बँडवाले, तमाशातल्या बाया, नाटकांचे पडदे रंगवणारे राहत असत. आमच्या वाड्यात एक पेटीवादक होते. कंपनी कधीच बुडाली होती, तरी रोज संध्याकाळी भाता झाडून सूर धरायचे, अर्धा तास वाजवायचे आणि पेटी झाकून ठेवायचे. त्यांचं एकही चित्रण नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि म्हाताऱ्यांसमोर तो तासभर स्थिर धरायला कुणाला सवड नाही. तरुण दिग्दर्शक येतात, तीन मिनिटांची फीत करतात, त्यात डोळ्यांतलं पाणी आणि मागे बासरी.

मी दोन संस्थांना लेखी सुचवलं आहे: मंडईच्या चौकात, गाळे बंद झाल्यावर, तीन संध्याकाळी तीन चित्रपट. पहिल्या दिवशी 'कमलाबाई' आणि त्यानंतर 'नटसम्राट'मधला फक्त तो रुग्णालयाचा प्रवेश, म्हणजे आजी आणि नातू एका रात्रीत दिसतील. दुसऱ्या दिवशी 'लाइमलाइट'. तिसऱ्या दिवशी 'द डिसायपल', मोठ्या पडद्यावर, चांगल्या आवाजात. एकीकडून उत्तर आलं की मंडईतला प्रेक्षक असलं पाहणार नाही. ज्या चौकाला लोक मंडई विद्यापीठ म्हणत आले, जिथे भाजीच्या पाट्या उचलून झाल्यावर राजकारणावर मध्यरात्रीपर्यंत वाद रंगत, तिथल्या माणसाबद्दल हे विधान! पडदा आणि प्रक्षेपक मी आणतो. चौकाची परवानगी आणि 'कमलाबाई'ची चांगली प्रत, एवढंच हवं आहे.