कॅम्पेन किती तासांचं, एवढ्यावर निकाल नको

‘अगदी खऱ्या युद्धासारखा गेम आहे’ हे लष्करी शूटरचं सगळ्यांत स्वस्त कौतुक. भंडारा जिल्ह्यात तरी ते जपून करावं. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 1960 च्या दशकापासून स्फोटकं आणि गोळीला रेटा देणारं प्रोपेलंट बनतं; 24 जानेवारी 2025 च्या स्फोटात तिथल्या कामगारांचे जीव गेले. पडद्यावर मात्र पडलेल्या बंदुकीवरून चालत गेलं की काडतुसं भरतात, आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी 2’ (2005) पासून भिंतीआड क्षणभर दडलं की जखमही बरी होते. खरेपणाचा निकष लावला, तर ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतलं एकही कॅम्पेन, म्हणजे एकट्यानं खेळायची कथा, पास होणार नाही.

दुसरा गैरसमज तासांचा: सहा तासांत संपलं म्हणजे पैसे पाण्यात. ‘टायटनफॉल 2’ (2016) साधारण तेवढ्याच वेळात संपतो. तरीही उत्तम कॅम्पेनांची चर्चा निघाली की त्याचं नाव येतंच, आणि सोबत ‘इफेक्ट अँड कॉज’ या लेव्हलचं. पडक्या प्रयोगशाळेत खेळाडूला मनगटावरचं एक यंत्र सापडतं. बटण दाबलं की भूतकाळ: चकचकीत दालनं, बंदूकधारी पहारेकरी. पुन्हा दाबलं की वर्तमान: आग, पडझड, हिंस्र जनावरं. आज वाट ढासळलेली असेल, तर काल ती शाबूत असते. कधी उडी मारल्यावर हवेतच काळ बदलावा लागतो. आणि हात बसतो न बसतो तोच यंत्र निकामी होतं, परत मिळत नाही. एवढा संयम शूटर बनवणाऱ्यांत क्वचितच दिसतो.

नकाशा मोकळा म्हणजे कॅम्पेन भारी, हेही खरं नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्याच ‘मॉडर्न वॉरफेअर 3’ (2023) मधली ओपन कॉम्बॅट मिशनं समीक्षकांनी झोडपलीच.

सिक्वेलमध्ये कॅम्पेन असणारच, असंही अनेकजण धरून चालतात. त्याच मालिकेतल्या ‘ब्लॅक ऑप्स 4’ (2018) मध्ये नेहमीचं कॅम्पेन नव्हतं. आपल्याकडच्या ‘फौजी’ (FAU-G) गेमचंही तसंच: पहिला भाग 26 जानेवारी 2021 ला आला तो गलवान खोऱ्यातलं कॅम्पेन घेऊन. सुरुवातीला त्यात बंदुकाच नव्हत्या, नुसती हाणामारी. अनेकांनी नाकं मुरडली. पण 2020 मध्ये गलवानला झालेल्या भारत-चीन चकमकीत गोळी चालली नव्हती, म्हणजे गेम वस्तुस्थितीला धरूनच होता. कंटाळवाणा झाला तो तेच ते ठोसे आणि पुन्हा पुन्हा शेकोटीपाशी बसून ताकद भरून घेण्यामुळे. पुण्याच्या डॉट9 गेम्सनं बनवलेला पुढचा ‘फौजी डॉमिनेशन’ (2025) मात्र मल्टिप्लेअर आहे. म्हणून ‘फौजी’चं कॅम्पेन तोलायचं, तर पहिलाच भाग उघडावा लागेल.