वाढत्या अंगाचे धनुष्य घेऊ नका

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आपण शिंप्याला आवर्जून सांगतो, ‘जरा वाढत्या अंगाचा शिवा.’ बूट एक नंबर मोठे घेतो, पुढे कापूस घालतो. सायकलसुद्धा अशी घेतो की पोराचा पाय दोन वर्षांनी नीट टेकावा. ही काटकसर वाईट नाही. मात्र धनुष्य ही एक वस्तू अशी आहे की तिला हा हिशेब लावला तर औषधपाण्याला जास्त पैसे जातात.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काहींना वाटेल. पण हल्ली जिल्ह्या-जिल्ह्यांत तिरंदाजीचे वर्ग निघाले आहेत. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी विजेती ठरली आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्याआधी २०२१ मध्ये फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला. तेव्हापासून ‘डॉक्टर, मुलाला धनुष्य घ्यायचंय, कोणतं घेऊ?’ हा प्रश्न दवाखान्यात येऊ लागला, आणि त्याच्या मागोमाग दुखरे खांदेही येऊ लागले.

आधी शरीराचे थोडे समजून घेऊ. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. हाड तिथे लांबते. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याजवळच्या टोकाकडून होते, म्हणजे धनुष्य ओढताना जिथे ताण येतो अगदी तिथेच. ही कूर्चा पक्क्या हाडापेक्षा मऊ असते. मोठ्या माणसाचा स्नायू लचकेल, तिथे मुलाच्या कूर्चेला इजा होऊ शकते. शिवाय मुली साधारण ११ ते १३ आणि मुलगे १३ ते १५ या वयात झपाट्याने उंच होतात. त्या काळात हाडे पुढे धावतात आणि स्नायूंची ताकद मागून येते. मुलगा बापाच्या खांद्याला लागला म्हणजे त्याच्या खांद्यात बापाची ताकद आली, असे नव्हे.

आता धनुष्याकडे वळू. धनुष्याचा जोर पौंडात मोजतात. खालच्या पातीच्या आतल्या बाजूला दोन आकडे छापलेले असतात. समजा ६२ आणि २०. पहिला धनुष्याची लांबी इंचात, दुसरा जोर पौंडात. पण हा जोर दोरी २८ इंच ओढली तर भरणारा आहे, आणि लहान मुलाचा हात तेवढा मागे जात नाही. मुलाला भिंतीला पाठ लावून उभे करावे, दोन्ही हात पसरायला सांगावे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेपने मोजावे. त्या मापाला अडीचने भागले की त्याची ओढ किती, ते अंदाजे कळते. हातांचा पसारा १४० सेंटिमीटर असेल तर ओढ ५६ सेंटिमीटर, म्हणजे २२ इंच. अशा हलक्या धनुष्यात दर इंचामागे साधारण एक पौंडाचा फरक पडतो. तेव्हा २० पौंडांचे धनुष्य या मुलाच्या हातात तेरा-चौदा पौंडांचेच भरते.

वाढीच्या भराच्या एका वर्षात मूल सात-आठ सेंटिमीटर सहज वाढते आणि हातांचा पसाराही जवळजवळ तेवढाच वाढतो. म्हणजे ओढ इंचभर लांबते आणि तेच धनुष्य न बदलता पौंडभर जड होते. वाढत्या अंगाची सोय त्यात आधीच झालेली असते. आपण वरून आणखी दहा पौंड कशाला घालायचे?

चौदा पौंड म्हणजे सव्वासहा किलोहून थोडे जास्त. एका सरावात साठ बाण मारले तर एका खांद्याने सुमारे ३८० किलो ओढले. आठवड्यातून चार दिवस सराव धरा आणि करा गुणाकार. मागे एक तेरा वर्षांचा मुलगा आला होता. वडिलांनी हौसेने ३० पौंडांचे धनुष्य आणलेले, ‘दोन-तीन वर्षं बघायला नको’ म्हणून. मुलाला शर्टाच्या बाहीत हात घालता येईना. क्ष-किरण फोटोत कूर्चा शाबूत दिसली, हे त्याचे नशीब. खांद्याचे स्नायू सुजले होते. सहा आठवडे ओढ बंद, हलके व्यायाम, आणि मग वर्गातले १४ पौंडांचे धनुष्य. नवे धनुष्य अजून माळ्यावर आहे.

आठ ते दहा वर्षांच्या मुलाला हातावर दहा ते चौदा पौंड पुरतात, अकरा ते तेराला चौदा ते अठरा. पण हे आकडे केवळ अंदाजाचे. खरी कसोटी अशी: मुलाने धनुष्य समोर खांद्याच्या उंचीला धरावे, दोरी सावकाश हनुवटीपर्यंत आणावी, मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे आणि सावकाश परत सोडावी. असे पाच वेळा, मध्ये थोडी विश्रांती. ओढताना धनुष्य आभाळाकडे गेले, कंबर मागे झुकली, खांदा कानाला लागला किंवा हात थरथरला, तर ते धनुष्य त्याच्यासाठी जड आहे. मूल ‘जमतंय, जमतंय’ म्हणेलच. त्याच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघावे. या वेळी बाण लावलेला नसतो, म्हणून दोरी एकदम सुटू देऊ नये. बाणाविना सुटलेल्या दोरीचा सगळा जोर पात्यांवर येतो आणि त्या तडकतात.

धनुष्य उभे केल्यावर मुलाच्या उंचीइतके किंवा थोडे अधिक असावे. फार आखूड असेल तर पुरते ओढल्यावर दोरीचा कोन अरुंद होऊन बोटे चिमटतात.

प्रकार म्हणाल तर पहिले धनुष्य साधे, लाकडी मुठीचे, पाती सुट्या होणारे रिकर्व्ह असावे. दुकानदार पातीला ‘लिंब’ म्हणतात. कडुलिंबाशी त्याचा काही संबंध नाही. मूल वाढले की मूठ तीच ठेवून पाती तेवढ्या बदलता येतात. काटकसर करायचीच तर ती इथे करावी. अदिती आणि ओजस यांच्या हातात चाकांचे कंपाउंड धनुष्य असते, म्हणून मुले त्याचाच हट्ट धरतात. ते हातात धरायलाच वजनदार असते आणि ओढीची लांबी त्यात यंत्राने ठरलेली असते. मूल वाढले की जुळणी बदलावी लागते. तो निर्णय वर्ष-दोन वर्षांनी प्रशिक्षकावर सोडावा. माझे मत विचाराल तर पहिले तीन महिने काहीच विकत घेऊ नये, वर्गातलेच वापरावे. तेवढ्यात हौस किती टिकते तेही कळते.

बाण मुलाच्या ओढीपेक्षा निदान दोन इंच लांब हवा. आखूड बाण ओढताना आत घसरतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. आणि खराट्याच्या काड्यांचे बाण घरात नकोतच. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा आमच्या गल्लीत एक खराटा धड राहिला नव्हता. काडी हलकी असली तरी डोळ्याला ती पुरते.

डोळ्यावरून आठवले. नेम धरणारा डोळा कोणता, हे आधी पाहावे. दोन्ही तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी करून मुलाने दूरचा दिवा पाहावा, मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने दिवा खिडकीतच राहतो तो नेमाचा डोळा. तो उजवा असेल तर दोरी उजव्या हाताने ओढायची आणि धनुष्य डाव्या हातात. खेळ सुरू करण्यापूर्वी चष्म्याचा नंबरही तपासून घ्यावा.

पहिले काही दिवस पाठीचे स्नायू ठणकतात, त्याची काळजी नको. मात्र खांद्याच्या टोकाशी एकाच जागी दुखत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, हात वर नेताना कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मलम चोळून बाण मारायला पाठवू नये. कोपराजवळ आतल्या बाजूला निळा डाग दिसला तर घाबरू नका. ती दोरीची चापट असते. त्यासाठी हातपट्टा मिळतो, आणि बोटांसाठी चामड्याची पट्टी. दोन्ही धनुष्याबरोबरच घ्यावीत.