‘करून राहिला’ म्हणजे काय?

‘बाया धान रोवून राहिल्या.’ पावसाळ्यात आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे वाक्य कोणत्याही बांधावर कानी पडते. पुण्याकडील वाचक त्याचा अर्थ ‘लावणी आटोपून बाया तेथेच राहिल्या’ असा करील. आमच्याकडे अर्थ एवढाच : बाया धान रोवीत आहेत.

येथे ‘राहणे’ हे वस्तीचा अर्थ सोडून सहायक क्रियापद झाले आहे. रूप भूतकाळाचे, काळ मात्र अपूर्ण वर्तमान! हिंदीतील ‘कर रहा है’ याच्याशी त्याचे साम्य उघड आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छत्तीसगडमधील राजनांदगाव हे जिल्हे आम्हांला लागूनच आहेत. परंतु हिंदी नुसता धातू घेते, आम्ही मराठीचा ‘ऊन’ प्रत्यय राखला आहे. पुढे ‘होता’ जोडले की अपूर्ण भूतकाळ होतो. नकारात ‘नाही’ मध्ये येते : ‘तो ऐकून नाही राहिला.’ मूळ अर्थही सुटलेला नाही : ‘तो आमगावात राहते.’

उत्तरपत्रिकेत मी ‘करीत आहे’ असेच लिहितो. पण आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. या रूपाला कोणी ‘अशुद्ध’ म्हणून हसले, की घरची सारी माणसे अडाणी ठरतात. ज्या रूपाचे नियम इतके नेमके आहेत, ते व्याकरणाबाहेरचे कसे म्हणावे?