डॉमिनिका : वाटाड्याच्या तोंडून ऐकायचे बेट

यशस्वी जयस्वाल या मुंबईच्या पोराने आपल्या पहिल्याच कसोटीत १७१ धावा काढल्या, हे आपल्या वस्तीतली लहान मुलेही सांगतात. पण जुलै २०२३ मधला तो सामना झाला कोठे, असे विचारले तर 'वेस्ट इंडिजमध्ये' एवढेच उत्तर मिळते. वेस्ट इंडिज नावाचा देश नाही. क्रिकेटपुरता एकत्र आलेला तो अनेक देशांचा नि बेटांचा गोतावळा आहे. ते मैदान आहे रोझो शहरात आणि रोझो ही डॉमिनिका या स्वतंत्र देशाची राजधानी. (डॉमिनिकन रिपब्लिक हा स्पॅनिश बोलणारा मोठा देश वेगळा. पुष्कळ शिकलेली माणसेही येथे घोटाळा करतात.) हे बेट ७५१ चौरस किलोमीटरचे, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडे मोठे. लोकसंख्या मात्र सत्तर हजारांच्या आसपास, आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. बाकी सगळे डोंगर, जंगल नि पाणी. आमच्याकडे वर्षाच्या दिवसांइतक्या, ३६५ नद्या आहेत, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात.

वाचकहो, या बेटावर दोन तऱ्हेचे पाहुणे येतात. पहिले येतात प्रचंड जहाजांतून. सकाळी जहाज धक्क्याला लागते, हजारो माणसे उतरतात, एखादा धबधबा बघतात, फोटो काढतात, टोपी विकत घेतात आणि सूर्य मावळायच्या आत जहाजावर परत. त्यांचे झोपणे जहाजावर, जेवण जहाजावर, आणि दोहोंचे पैसे जहाज कंपनीकडे आधीच भरलेले. माझ्यासारख्या हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनाने याची खतावणी केली, तर बेटाच्या जमेच्या बाजूला पडते बंदराची फी, मोटारीचे भाडे आणि ती टोपी.

दुसरे पाहुणे येतात आठ-दहाच्या, फार तर पंधरा-सोळांच्या गटाने. ते आठवडाभर राहतात. गावातल्या लहान अतिथीगृहात उतरतात, गावच्याच खानावळीत जेवतात आणि गावच्याच वाटाड्याबरोबर पायी फिरतात. गटात विद्यार्थी असतात, निवृत्त शिक्षक असतात, पक्ष्यांचे नाद असलेले असतात. अशा सहलीला अभ्यास सहल म्हणतात. गट लहान ठेवण्यामागे साधे कारण आहे. डोंगरातील पायवाट एका माणसाच्या रुंदीची असते, आणि चाळीस जणांच्या घोळक्यात शेवटच्याला वाटाड्याचा शब्दही ऐकू येत नाही. तो ऐकू येणे या बेटावर फार गरजेचे आहे. कारण या बेटाचा लिहिलेला इतिहास पुष्कळ काळ दुसऱ्यांनीच लिहिला.

नावापासूनच पाहा. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबसाला हे बेट दिसले, त्या दिवशी रविवार होता, म्हणून नाव पडले डॉमिनिका, म्हणजे रविवार! तेथे राहणाऱ्या कालिनागो लोकांनी आपल्या भूमीला वाइतुकुबुली हे नाव आधीच दिले होते. 'उंच आहे तिची काया' असा त्याचा अर्थ. समुद्रातून सरळ वर उठलेले ते डोंगर पाहिले, तर यापेक्षा चांगले नाव सुचणार नाही. पण ते कोणी विचारले नाही. कोलंबस निघाला होता आपल्या देशाचा माग काढत, म्हणून भेटेल त्याला तो 'इंडियन' म्हणत सुटला. कालिनागोंना पुढे 'कॅरिब' म्हटले गेले, ते नरभक्षक आहेत असा डंका युरोपभर पिटला गेला, आणि नरभक्षकासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तोही याच नावातून निघाला. हा नुसता गैरसमज नव्हता. १५०३ साली स्पेनच्या राणीने हुकूम काढला, की जे नरभक्षक असतील त्यांना पकडून गुलाम करण्यास हरकत नाही. म्हणजे आधी ठपका ठेवायचा आणि मग त्या ठपक्यालाच परवाना करायचे! 'कॅरिब' हे नाव सरकारी कागदांतून काढून त्याजागी 'कालिनागो' लिहिण्याचा कायदा व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

अभ्यास सहलीतला सर्वांत महत्त्वाचा मुक्काम म्हणून या कालिनागोंच्या प्रदेशाचाच धरला पाहिजे. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर ३,७०० एकरांचा हा पट्टा १९०३ साली इंग्रज प्रशासक हेस्केथ बेल याने त्यांच्यासाठी राखून ठेवला. सुमारे तीन हजार लोक तेथे लहान लहान वाड्यांत राहतात. जमीन कोणा एकाच्या नावावर नाही, सर्वांची मिळून आहे. घर बांधायला, शेती करायला माणसाला मोकळा तुकडा मिळतो, पण तो विकता येत नाही. बाहेरच्या हॉटेलवाल्याला तेथे पाय ठेवता आला नाही तो यामुळेच. याची दुसरी बाजूही वाटाडे लपवत नाहीत. जमीन गहाण टाकता येत नाही, म्हणून बँक कर्ज देताना हात आखडते. घर पक्के करायचे, दुकान टाकायचे, तर भांडवल आणायचे कोठून? जमीन राखावी की कर्जाची वाट मोकळी करावी, हा वाद तेथे जुना आहे, आणि अभ्यास सहलीला गेलेल्या माणसाने तो दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावा. मला विचाराल तर जमीन गेल्यावर कर्जाचे काय करायचे, असेच मी म्हणेन. पण मला तेथे घर बांधायचे नाही.

या प्रदेशात २००६ साली 'कालिनागो बाराना आउते' हे नमुन्याचे गाव उभे राहिले. समुद्राकाठच्या टेकडीवर गवताने शाकारलेली घरे आहेत, आणि कालिनागो स्वतःच पाहुण्यांना सर्व दाखवतात. लारूमा नावाच्या वेतासारख्या झाडाच्या पट्ट्यांतून टोपल्या कशा विणतात ते बघता येते. गोमिये या प्रचंड झाडाचे एकसंध खोड कोरून होडी करतात, ते काम तर बघतच राहावे असे. खोड आतून पोखरतात, मग त्यात दगड व पाणी भरून, आच देऊन, हळूहळू लाकूड फाकवून बाजू रुंद करतात. ही विद्या नाहीशी होत चालली असे वाटत असतानाच कालिनागोंनी 'ग्ली ग्ली' नावाची मोठी होडी बांधली आणि १९९७ साली ती समुद्रातून थेट दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत, आपल्या पूर्वजांच्या वाटेने उलट नेली. भाषा मात्र वाचली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बोलणारे शेवटचे लोक बेटावरून गेले. काही शब्द उरलेत, झाडांची नि गावांची नावे उरलीत.

आणखी एक गोष्ट आपल्या माताभगिनींना आवडेल. तेथे कसावाची भाकरी भाजतात. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच! हा कंद मूळचा अमेरिकेचा. त्याच्या कडू जातीत विष असते. कालिनागो तो किसून वेताच्या लांबट, सापासारख्या विणलेल्या पिशवीत भरतात. पिशवी ताणली की ती आवळते आणि विषारी रस गळून पडतो. मग पीठ वाळवून तव्यावर भाकरी. रसायनशास्त्राचे पुस्तक लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी ज्यांनी हे शोधून काढले, त्यांना रानटी म्हणणारे कोण होते?

आता बंडाकडे वळू. १९३० साली चोरटी दारू नि तंबाखू शोधायला पोलीस या प्रदेशात शिरले, लोक चिडले, झटापट झाली आणि दोन कालिनागो मारले गेले. सरकारने शेकडो माणसांच्या या वस्तीविरुद्ध चक्क 'डेल्ही' नावाची युद्धनौका पाठवली. त्यांचा प्रमुख जॉली जॉन याचे पद काढून घेतले, ते पद १९५२ पर्यंत परत मिळाले नाही. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये याच प्रदेशातील सिल्व्हानी बर्टन या कालिनागो बाईंनी डॉमिनिकाच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि पहिल्या कालिनागोही.

बेटावरील बहुसंख्य लोक मात्र आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आहेत. रोझोच्या जुन्या बाजारचौकात जेथे माणसांचा लिलाव होत असे तेथे आज हातकामाच्या वस्तू मिळतात. जहाजाचे पाहुणे टोपी येथेच घेतात. लहान गटाचा वाटाडा याच चौकात अर्धा तास थांबतो.

उत्तरेकडे पोर्ट्समथजवळ फोर्ट शर्ली हा किल्ला आहे. येथे इंग्रजांची आठवी वेस्ट इंडिया रेजिमेंट होती. शिपाई काळे, बहुतेक गुलाम म्हणून खरेदी करून सैन्यात घातलेले. त्यांच्या हाती बंदूक दिली, पण कागदावर ते मालमत्ताच राहिले. गव्हर्नर कॉकरेन जॉनस्टन याने त्यांचा पगार अडवला, त्यांना झाडी तोडायला जुंपले. कवायत सोडून हाती कोयता आल्यावर शिपायांत बातमी पसरली, की आता आपल्याला उसाच्या मळ्यावर विकणार. एप्रिल १८०२ मध्ये ते उठले आणि तीन दिवस किल्ला आपल्या ताब्यात ठेवला. बंड मोडले गेले, म्होरक्यांना मृत्युदंड झाला. पण लंडनला धसका बसला. १८०७ साली ब्रिटिश सैन्यातील सर्व गुलाम शिपायांना, सुमारे दहा हजार जणांना, स्वतंत्र जाहीर करण्यात आले. साऱ्या साम्राज्यातील गुलामी कायद्याने संपण्यास अजून पाव शतक अवकाश होता! जंगलात गडप झालेला हा किल्ला १९८२ पासून तेथील इतिहासकार लेनॉक्स हनीचर्च यांनी नेटाने उभा केला.

ज्यांना सैन्यात जायचे नव्हते नि मळ्यावरही राबायचे नव्हते ते डोंगरात पळाले. त्यांना मरून म्हणतात. जॅको हा त्यांचा एक नायक. लेयू नदीच्या खोऱ्यात त्याच्या लोकांनी कड्यात कोरलेल्या पायऱ्या आजही आहेत. त्या मुद्दाम उंच ठेवल्या आहेत, म्हणजे शत्रूच्या शिपायाला एकेकट्यानेच धापा टाकत वर यावे लागेल. अभ्यास सहलीतील माणसे त्याच पायऱ्या चढतात, आणि गुडघे दुखू लागले की इतिहास बरोबर डोक्यात शिरतो. जॅको १२ जुलै १८१४ रोजी मारला गेला. जयस्वालची कसोटी सुरू झाली तीही १२ जुलैलाच. योगायोग आहे, पण तारखा लिहिता लिहिता नजरेत भरला.

निसर्गाविषयी लिहावे तितके थोडे. मॉर्न त्रॉय पितों हे राष्ट्रीय उद्यान १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यात उकळते तळे आहे. साधारण साठ मीटर रुंद, खालून ज्वालामुखीच्या वाफेने खदखदणारे राखी पाणी. लोदा गावाकडून पायी जाऊन-येऊन सहा-सात तास लागतात, गंधकाच्या वासाची उजाड दरी ओलांडावी लागते आणि वाटाड्याशिवाय जाणे शहाणपणाचे नाही. ज्यांना एवढी तंगडतोड जमत नाही त्यांनी इंडियन रिव्हरवर जावे. तेथे इंजिनाला बंदी आहे, नावाडी वल्ही मारत नेतात. दोन्ही काठांवर झाडांची मुळे भिंतींसारखी उभी असतात, आणि साल कापली तर रक्तासारखा लाल चीक येतो. पश्चिमेच्या समुद्रात स्पर्म देवमाशांची कुटुंबे बारा महिने राहतात. आज्या, आया नि पोरे एकत्र असतात आणि प्रत्येक कुळाची टकटक आवाजाची बोली निराळी. त्यांच्यासाठी सुमारे आठशे चौरस किलोमीटरचा समुद्र राखून ठेवण्याचे सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले.

एका बेडकाची कथा मुलांना अवश्य सांगा. त्याचे नाव 'डोंगरी कोंबडी'. वजन किलोपर्यंत, चव कोंबडीसारखी, म्हणून ताटात मान मोठा. २००२ साली बुरशीचा रोग आला आणि थोड्याच काळात बहुतेक सगळे बेडूक मेले. आता शिकारीला बंदी आहे. रात्री विजेरी घेऊन उरलेले बेडूक मोजण्याचे काम तेथील तरुण करतात.

हे सगळे दाखवून पोट भरायची पाळी बेटावर का आली, तेही ऐका. डॉमिनिकाचा छोटा शेतकरी केळीवर जगत होता. ब्रिटनच्या बाजारात त्याच्या केळ्यांना सवलत होती. अमेरिकेने व लॅटिन अमेरिकेतील काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९७ साली निकाल विरुद्ध गेला आणि उतारावरच्या दोन-तीन एकरांच्या बागा हजारो एकरांच्या मळ्यांपुढे टिकल्या नाहीत. मग १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री 'मारिया' वादळ आले. बेटावरील बहुतेक घरांची छपरे उडाली, जंगलाची पाने ओरबाडली गेली, एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक नुकसान झाले. ज्या सिसेरू पोपटाचे चित्र देशाच्या झेंड्यावर आहे तो जगात दुसरीकडे रानात कोठेच नाही, आणि वादळानंतर कित्येक दिवस लोक त्याचाच शोध घेत होते. पायवाटा बंद म्हणजे वाटाड्याची चूल बंद. लोकांनीच करवती घेऊन वाटा मोकळ्या केल्या.

मुंबईहून तेथे थेट विमान नाही, खर्च आपल्या पगाराच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे उघड बोललेले बरे. तरी ज्यांची मुले परदेशी शिकायला गेली आहेत, त्यांनी त्यांना कळवावे. जून ते नोव्हेंबर वादळाचे दिवस, डिसेंबर ते मे कोरडे. पण ऑक्टोबरअखेरीस जो जाईल, त्याला क्रेओल दिवस पाहायला मिळतो. ३ नोव्हेंबर १९७८ ला देश स्वतंत्र झाला, त्या दिवसाच्या आधीच्या शुक्रवारी शाळा, दुकाने, कचेऱ्या सगळीकडे माणसे राष्ट्रीय पोशाख घालून येतात. बायकांच्या डोक्याला नि पोरींच्या परकराला लाल-पिवळ्या चौकड्यांचे सुती कापड असते. गोऱ्या व्यापाऱ्यांनी ते आपल्याच देशातून जहाजांत भरून नेले होते, आणि तेथील बाजारात त्याला आजही 'मद्रास' म्हणूनच मागतात.